वैद्यकीय ग्रंथपालांनी जनरेटिव्ह एआय कसं शिकवावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) जमा करायची मुदत जवळ आली की आमच्या काउंटरवर एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं : "मॅडम, हे पेपर मिळत नाहीयेत, काढून द्याल का?" पूर्वी याचा अर्थ असायचा की जर्नलची वर्गणी भरलेली नाही, नाहीतर अंक बाइंडिंगला गेलाय. हल्ली बऱ्याचदा अर्थ असा निघतो की तो पेपर कुणी लिहिलेलाच नाही, चॅटजीपीटीसारख्या एआय साधनाने त्याचं नाव रचलंय. मी एका वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल आहे आणि आता या विषयावर पीजी रेसिडेंटचे (पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांचे) तास घेते. मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, नर्सिंग अशा महाविद्यालयांतले सहकारी फोनवर किंवा कार्यशाळेत चहाच्या वेळी जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

मला कोडिंग येत नाही, एआयचा कोर्सही केलेला नाही. मी काय शिकवणार?

संदर्भ शोधणं आणि तो खरा आहे का ते पाहणं. नोकरीत आयुष्य गेलं ते याच कामात ना? मॉडेलच्या पोटात काय चालतं ते संगणक विभागाचे सर सांगतील, माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. पण पीएमआयडी (पबमेड या वैद्यकीय संशोधनाच्या डेटाबेसमधला पेपरचा क्रमांक) टाकल्यावर भलताच पेपर उघडला तर त्यातून काय समजायचं, जर्नलचं नाव खरं आणि खंड क्रमांक खोटा असेल तर कुठे पाहायचं, हे काउंटरवर बसणाऱ्यालाच कळतं. वर्गात मी आधीच सांगून टाकते की मी एआय तज्ज्ञ नाही. त्याने इज्जत जात नाही, उलट पोरं मोकळेपणाने सांगतात की त्यांनी कुठे कुठे काय वापरलंय.

तरी पण हे चालतं कसं, एवढं तर सांगावंच लागेल. किती सांगायचं?

पाच मिनिटं पुरतात. मी उखाण्याचं उदाहरण देते. उखाण्याचा साचा ठरलेला असतो, यमक जुळलं की काम भागतं. उखाण्यात चांदीचं ताट आलं म्हणून कुणी नवरीच्या घरी जाऊन ताट आहे का ते बघत नाही. भाषेचं मॉडेल संदर्भ देतं तेही तसंच : आडनावं, शीर्षक, जर्नल, वर्ष, खंड, पानं, सगळं व्हँकुव्हर या संदर्भ लिहिण्याच्या शैलीत चपखल बसलेलं. पुढचा शब्द कोणता शोभेल हे त्याला असंख्य मजकूर पाहून कळलेलं आहे. तो पेपर कपाटात आहे का, हे पाहायला ते आपणहून उठत नाही.

यानंतर एक भेद मात्र नीट समजावावा. काही साधनं नुसती आठवणीवर लिहितात, काही आधी इंटरनेटवर किंवा एखाद्या डेटाबेसमध्ये शोधतात आणि मग लिहितात. दुसऱ्या प्रकारात अस्तित्वात नसलेले पेपर कमी येतात, पण विद्यार्थी त्याच भरवशावर झोपतात. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

ग्रंथपालांना आवडेल असा एक किस्सा इथे सांगते. 'व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी' असा एक शब्दप्रयोग २०२५ मध्ये चर्चेत आला. असं काही तंत्र मुळात नाहीच. १९५० च्या दशकातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका जर्नलची पानं स्कॅन होताना शेजारशेजारच्या दोन रकान्यांतले शब्द एकमेकांना चिकटले, ती चूक डिजिटल मजकुरात राहिली आणि पुढे भाषेच्या मॉडेलमध्येही जाऊन बसली. जुन्या अंकांचं स्कॅनिंग ज्याने स्वतः केलंय त्याला हे ऐकून हसू येतं आणि थोडं धस्सही होतं.

खोटे संदर्भ खरंच इतके असतात का, की आपण उगाच बाऊ करतोय?

बाऊ नाही. २०२३ मध्ये 'क्युरियस' या वैद्यकीय जर्नलमध्ये एक तपासणी आली. चॅटजीपीटीने वैद्यकीय मजकुरासाठी दिलेले ११५ संदर्भ एकेक करून पाहिले गेले : ४७ टक्के बनावट, ४६ टक्के पेपर खरे पण तपशील चुकीचे, आणि खरे व अचूक असे फक्त ७ टक्के. त्याच वर्षी 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आलेल्या अभ्यासात जीपीटी-३.५ चे ५५ टक्के संदर्भ बनावट निघाले आणि जीपीटी-४ चे १८ टक्के.

हे आकडे वर्गात सांगताना वर्ष आवर्जून सांगा. साधनं बदलत राहतात, आकडेही बदलतील, आणि मागच्या बाकावरचा कुणीतरी "मॅडम, आता तसं होत नाही" म्हणेलच. त्याचं थोडं खरंही असतं. म्हणून मी आकड्यांवर रेंगाळत नाही. त्यापेक्षा चुकांची जात ओळखायला शिकवते.

पहिली जात म्हणजे पेपरच नाही. ही सर्वांत सोपी, दोन मिनिटांत पकडता येते. दुसरी म्हणजे पेपर आहे, पण वर्ष, पानं, लेखक यांत गफलत. तिसरी जात सगळ्यांत वाईट : पेपर खरा, तपशील खरा, दुवाही उघडतो, पण जे वाक्य त्याच्या नावावर खपवलंय ते त्या पेपरात नाही. शोधून लिहिणाऱ्या साधनांत हीच चूक जास्त भेटते. पेपर उघडून वाचल्याशिवाय ती सापडत नाही, आणि रेसिडेंटला रात्रपाळीनंतर वाचायचा कंटाळा असतो. चौथीही एक आहे, मागे घेतलेला पेपर. १९९८ चा 'लॅन्सेट'मधला एमएमआर लस आणि ऑटिझमचा पेपर २०१० मध्ये मागे घेतला गेला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण असे कमी गाजलेले हजारो आहेत. पबमेडवर अशा नोंदीवर ठळक सूचना दिसते, ती बघायची सवय लावावी.

तासाची सुरुवात कशाने करू?

व्याख्यानाने नको. मी बारा संदर्भांचा एक कागद वाटते. त्यातले काही खरे, काही एआयने रचलेले, दोन-तीन खऱ्या पेपरचे पण मोडतोड केलेले. दोघादोघांच्या जोड्या, पंधरा मिनिटं, हातात मोबाइल, आणि अट एकच : एआयला विचारायचं नाही, पबमेड आणि पेपरच्या नोंदी ठेवणाऱ्या क्रॉसरेफवर शोधायचं.

एका तासाला पुढच्या बाकावरच्या मुलीने मधुमेही पायाच्या जखमेवरच्या संदर्भाचा पीएमआयडी टाकला. पेपर उघडला तो उंदरांच्या यकृतावरचा. तिने क्रमांक पुन्हा टाकला, मग एकेक आकडा बोटाने वाचत तिसऱ्यांदा टाकला. तरी उंदीरच. "माझंच काहीतरी चुकतंय" म्हणाली. हा क्षण सोडू नका. छापलेला क्रमांक खोटा असेल असं तिच्या मनातच येत नव्हतं, स्वतःवर शंका घ्यायला मात्र ती लगेच तयार होती. मी काही बोलले नाही. तिच्या जोडीदाराने शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून शोधलं, शून्य निकाल आले, आणि मग दोघंही माझ्याकडे बघायला लागली.

शोधायचा क्रमही फळ्यावर लिहून ठेवा. आधी शीर्षक जसंच्या तसं. मग डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा डिजिटल क्रमांक. नाही मिळालं तर जर्नलच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन तो खंड आणि अंक उघडायचा आणि त्या पानांवर नेमकं कोण बसलंय ते पाहायचं. पबमेडवर नाही म्हणजे खोटाच, असं मात्र शिकवू नका. आपली कितीतरी भारतीय जर्नल्स, आयुर्वेदाची तर बरीच, तिथे नसतात.

प्रॉम्प्ट (एआयला द्यायची सूचना) लिहायला शिकवायचं का?

शिकवायचं, पण आधी प्रश्न लिहायला. पिको नावाची आपली जुनी चौकट (रुग्ण, उपचार, तुलना, परिणाम) इथे कामाला येते. ज्याला स्वतःचा प्रश्न चार रकान्यांत मांडता येत नाही त्याला प्रॉम्प्टही जमत नाही.

आणि उदाहरण असं घ्या की ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे. मी विंचूदंश घेते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम कोकणातल्या मुलांना ऐकून माहीत असतं. लाल विंचू चावल्यावर हृदयावर होणारा परिणाम आणि त्यावर प्राझोसिन हे औषध, हे त्यांनी १९८० च्या दशकात 'लॅन्सेट'मधून मांडलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी २०११ मध्ये 'बीएमजे'त त्यांची चाचणी आली : ७० रुग्ण, एका गटाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिविषलस, आणि दुसरा गट लवकर बरा झाला. पिकोचे चारही रकाने आयते भरलेले.

आता हाच प्रश्न एआयला विचारायला सांगा आणि उत्तर या माहितीशी ताडून पाहा. मग त्यालाच पबमेडसाठी शोधसूत्र लिहायला सांगा. समानार्थी शब्द सुचवण्यात हे साधन खरोखर उपयोगी आहे, तेवढं श्रेय द्यावं. पण गोम अशी की या विंचवाचं शास्त्रीय नाव बदलत गेलंय : जुन्या पेपरांत बुथस टॅम्युलस, नंतर मेसोबुथस, अलीकडे होटेन्टोटा. सूत्रात एकच नाव आलं तर जुने पेपर हातचे जातात. हे कळायला विषयाची माहिती लागते, नाहीतर कुणीतरी अनुभवी ग्रंथपाल.

मेशच्या (पबमेडमधल्या ठरावीक विषयशब्दांच्या यादीतल्या) संज्ञा तर एकेक तपासाव्याच लागतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये चॅटजीपीटीकडून अशी शोधसूत्रं लिहून घेतली, तेव्हा अस्तित्वात नसलेल्या मेश संज्ञा आढळल्या आणि नेमकेपणा बरा असला तरी बरेच पेपर निसटले. आमच्या वर्गात मेश ब्राउझर शेजारच्या टॅबमध्ये उघडाच असतो. शिवाय पबमेडच्या ॲडव्हान्स्ड पानावर शोधाचा तपशील उघडून बघायला लावा : आपण काय टाकलं आणि पबमेडने त्याचं काय केलं, ते तिथे दिसतं.

सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा शोध एआयकडून करून घेतला तर?

नको. अशा रिव्ह्यूत एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास पद्धतशीर शोधायचे असतात. प्रिझ्मा २०२० या त्यासाठीच्या नियमावलीप्रमाणे प्रत्येक डेटाबेसचं पूर्ण शोधसूत्र द्यावं लागतं, म्हणजे दुसऱ्याला तोच शोध पुन्हा करता आला पाहिजे. चॅटबॉटला आज विचारलेलं उद्या तसंच्या तसं येत नाही. शब्द सुचवायला वापरा, शोध डेटाबेसमध्येच करा.

रेसिडेंट डिस्चार्ज कार्डाचा फोटो काढून चॅटबॉटला देतात. यावर ग्रंथपालाने बोलावं का?

बोलावंच. वॉर्डात हे सर्रास चालतं आणि "नाव तर झाकलंय" असं उत्तर मिळतं. मी फळ्यावर एक कल्पित केस लिहिते : वय ४२, स्त्री, अमुक तालुका, दुर्मीळ आजार, दाखल तारीख. मग विचारते, त्या तालुक्यातला माणूस ही बाई कोण ते ओळखेल की नाही? ओळखणारच. नाव काढलं की ओळख पुसते असं नाही, उरलेले चार तपशील चुगली करतात.

कायद्याची दोन नावं सांगून ठेवा : २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, आणि त्याच वर्षीची आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) आरोग्य क्षेत्रातल्या एआयबद्दलची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं. कलमं पाठ करून दाखवायची गरज नाही, तो एथिक्स कमिटीचा प्रांत. पण फुकटच्या साधनात टाकलेला मजकूर कुठे साठतो आणि कशासाठी वापरला जातो, हे त्या साधनाच्या सेटिंगमध्ये जाऊन वर्गात सगळ्यांसमोर वाचून दाखवा. तासातला सर्वांत शांत भाग हाच असतो.

प्रबंधात एआय वापरलेलं चालतं का, असं विचारलं तर काय सांगायचं?

निकाल आपण द्यायचा नाही. विद्यापीठाचा नियम आणि गाइडचं मत विचारून यायला सांगायचं. जर्नलच्या बाबतीत मात्र पायाभूत गोष्टी स्पष्ट आहेत. वैद्यकीय जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने, म्हणजे आयसीएमजेईने, आपल्या शिफारशींत घातलंय : एआय लेखक होऊ शकत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही, वापरलं असेल तर सांगा, आणि एआयने लिहिलेला मजकूर मूळ स्रोत म्हणून संदर्भात देऊ नका. 'कसं सांगायचं' याचा सराव करून घ्या. "भाषा सुधारण्यासाठी अमुक साधन वापरलं, मजकूर मी तपासला" हे वाक्य लिहायला मुलं बिचकतात, जणू कबुलीजबाब द्यायचाय. दोनदा लिहून घेतलं की भीड चेपते.

हवा हलकी करायला दोन स्लाइड ठेवल्यात. एक, फेब्रुवारी २०२४ मध्ये एका जर्नलने छापलेलं आणि लगेच मागे घेतलेलं एआयनिर्मित उंदराचं अचाट चित्र, ज्यातली नावंही निरर्थक होती. दुसरी, त्यानंतरच्या महिन्यात गाजलेला एक पेपर, ज्याची प्रस्तावनाच "नक्कीच, तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना" अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याने सुरू होते. तो लेखक, सहलेखक, समीक्षक, संपादक या सगळ्यांच्या नजरेखालून छापखान्यापर्यंत गेला. विद्यार्थ्यांवर डोळे वटारणाऱ्या ज्येष्ठांना ही स्लाइड जरूर दाखवावी.

एआय डिटेक्टर विकत घ्यावा, असं वरून सांगितलंय. घ्यावा का?

माझं मत विचाराल तर नाही. ज्या कंपनीने चॅटजीपीटी बनवलं त्या ओपनएआयनेच आपला डिटेक्टर अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले टोफेल परीक्षेचे ९१ निबंध त्यांना दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंधांवर 'एआयने लिहिलेलं' असा शिक्का बसला. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेली पोरं साधं, छोट्या वाक्यांचं इंग्रजी लिहितात. पहिला बळी त्यांचा जाणार, आणि सफाईदार इंग्रजीत एआयकडून लिहून आणणारा सुटणार. प्लॅजरिझमचा रिपोर्ट वेगळा, तो सारखेपणा मोजतो, एआय नाही. दोन्हींची गल्लत प्राध्यापकही करतात, तेव्हा एक छापील पान करून विभागांना पाठवलेलं बरं.

नर्सिंगच्या मुली मराठी माहितीपत्रकं एआयकडून लिहून घेतात. तपासायचं कसं?

माझा सगळ्यांत आवडता तास. मराठी वरवर गुळगुळीत येते, म्हणून चुका लपतात. आजारांच्या नावांत हिंदी डोकावते : देवीच्या जागी चेचक. 'झटका' हा शब्द तर घातकच, कारण हृदयविकाराचाही झटका, मेंदूचाही झटका, आणि काही घरांत फिट आली तरी झटकाच. पत्रकात नुसतं "झटका आल्यास" लिहिलं तर नातेवाइकाने नेमकं काय समजायचं? 'परवा तपासणीला या' हेही तसंच, मराठीत परवा मागचाही असतो आणि पुढचाही. तारीख लिहा. दिवसाआड घ्यायची गोळी असेल तर वार लिहा.

मग पुस्तकी शब्द. पंडुरोग लिहिलं तर ओपीडीत कुणालाच कळत नाही, "अंगात रक्त कमी" म्हटलं की लगेच कळतं. उलट 'नागीण' लोकांना पक्कं ठाऊक असतं, पण ती अंगाभोवती पूर्ण फिरली की माणूस दगावतो ही समजूतही सोबत येते. चांगलं पत्रक त्या समजुतीलाही उत्तर देतं. एआयला हे सांगितल्याशिवाय सुचत नाही, आणि सांगायला आधी आपल्याला ठाऊक हवं.

तपासणीची पद्धत साधी आहे. मुली पत्रक वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवतात आणि "आता तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा" म्हणतात. एकदा "उपाशीपोटी घ्या" याचा अर्थ मावशींनी "उपासाच्या दिवशी घ्या" असा सांगितला. ते वाक्य बदलून "सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी" असं केलं.

डोसचे आकडे मात्र औषधाच्या अधिकृत माहितीशीच ताडायचे, मावशींशी नाही आणि दुसऱ्या चॅटबॉटशी तर नाहीच.

एआयच्या सल्ल्याने खरंच कुणाला अपाय झाल्याचं उदाहरण आहे का?

आहे. २०२५ मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन : क्लिनिकल केसेस'मध्ये अमेरिकेतल्या ६० वर्षांच्या एका गृहस्थांची केस आली. आहारातलं क्लोराइड बंद करायचं डोक्यात घेऊन, चॅटजीपीटीशी सल्लामसलत करून, त्यांनी मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी संशय, भास अशा अवस्थेत दवाखान्यात दाखल झाले, ब्रोमाइडची विषबाधा निघाली. जुन्या पुस्तकातच उरलेलं निदान! स्वच्छता किंवा रसायनाच्या संदर्भात क्लोराइडच्या जागी ब्रोमाइड चालतं, जेवणात नाही. प्रश्नाचा संदर्भ सुटला की उत्तर कसं उलटतं, हे याहून चांगलं दाखवणारी केस मला तरी माहीत नाही.

तासाला वेळच देत नाहीत. कुठे घुसवू?

स्वतंत्र तास मागू नका, मिळत नाही. पीजींना आयसीएमआरच्या चेन्नईतल्या साथरोगशास्त्र संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन कोर्स करावाच लागतो, त्या सुमारास संशोधन पद्धतीची कार्यशाळा कॉलेजात असतेच. पीएसएम (सामाजिक वैद्यक) विभागाच्या प्रमुखांना भेटून त्यातली ४५ मिनिटं मागा. जेवणानंतरची मिळाली तरी घ्या, बारा संदर्भांच्या कागदाने झोप उडते.

आमच्याकडे प्रोजेक्टर बंद, वायफाय मधूनच जातं. मग?

बारा संदर्भ एफोर कागदावर छापा, ओळींमध्ये जागा सोडून. एआयच्या उत्तराचे स्क्रीनशॉट आदल्या दिवशीच काढून ठेवा, कारण ऐन वेळी तेच साधन वेगळं उत्तर देतं. पबमेड मोबाइलवर नीट चालतं. वायफाय गेलं तर दोघांत एकाचा हॉटस्पॉट. उत्तरांचा कागद मात्र शेवटपर्यंत वाटू नका, आणि तो काउंटरवर विसरू नका. माझा एकदा राहिला होता, पुढच्या बॅचने बाराच्या बारा बरोबर सांगितले.